आभासी वेधशाळा

निरनिराळ्या देशांतील संस्थांनी आपापल्या संगणकांवर साठविलेली खगोलवैज्ञानिक आधारसामग्री आंतरजालावरील सेवांच्या द्वारे एकत्रितपणे शोधता व अभ्यासता यावी, म्हणून उभारलेली व्यवस्था. तिची स्वतःची दुर्बीण नसते. एका सेवेकडून तारकासूची मागविणे, दुसरीकडून त्याच भागाच्या प्रतिमा घेणे, तिसरीकडून दोहोंचा मेळ घालून घेणे, अशा क्रमबद्ध कृतींच्या साखळीस ‘कार्यप्रवाह’ म्हणतात.

छायाचित्रण काचांच्या काळात वेध घेणारा व त्यांचे विश्लेषण करणारा ज्योतिर्विद बहुधा एकच असे. अंकीय अभिज्ञातक आल्यावर ही स्थिती पालटली. २००० साली सुरू झालेल्या स्लोन सर्वेक्षणासारख्या प्रकल्पांतून एवढी सामग्री जमू लागली, की ती प्रत्येक संशोधकाकडे पाठविणे अव्यवहार्य ठरले. सामग्री हलविण्यापेक्षा छोटी आज्ञावली सामग्रीपाशी धाडावी, हा विचार जिम ग्रे व अलेक्झांडर साले यांनी आग्रहाने मांडला. मात्र त्यासाठी सर्व भांडारांची भाषा एक असणे आवश्यक होते. या हेतूने जून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय आभासी वेधशाळा संघ स्थापन झाला. सारण्यांच्या देवाणघेवाणीसाठी ‘व्हीओटेबल’ हा प्रमाण नमुनाही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

भारतातील या कार्याचे केंद्र पुणे हे होय. विद्यापीठांतील संशोधकांना सामाईक साधने मिळावीत, या उद्देशाने तेथे १९८८ साली स्थापन झालेले आयुका व पर्सिस्टंट सिस्टिम्स ही संगणक कंपनी यांनी अजित केंभावी यांच्या पुढाकाराने ‘व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी–इंडिया’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यातून निघालेली ‘व्हीओप्लॉट’ ही आलेख काढणारी आज्ञावली स्ट्रासबर्ग (फ्रान्स) येथील खगोलीय आधारसामग्री केंद्राच्या सेवेतही वापरली गेली.

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या आकाश सर्वेक्षणावरून वितरित कार्यपद्धतीचे सामर्थ्य ध्यानात येते. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशकांनी २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर २,००० हून अधिक तास वेध घेतले. अभिलेखागारातील ही मूळ सामग्री हुइब इंटेमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित आज्ञावलीने नव्याने संस्कारित केली. तीमध्ये दोषयुक्त नोंदी वगळणे, अंशशोधन व आयनांबरामुळे येणारी विकृती दूर करणे, या क्रिया ठराविक क्रमाने होत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या कार्यात ३६,९०० चौ. अंश, म्हणजे आकाशाचा सु. ९०% भाग व सु. ६·२ लाख रेडिओ उद्‌गम आले. तयार प्रतिमा नेदर्लंड्समधील सेवेतून खुल्या झाल्या. वेध एका देशात, संस्करण परदेशी संशोधकांकडून व वितरण तिसऱ्याच ठिकाणाहून, असा हा प्रवास झाला. मूळ नोंदी जपून ठेवल्या नसत्या, तर तो शक्य झाला नसता.

या पद्धतीचे वैगुण्यही तिच्या परावलंबित्वात आहे. जीवविज्ञान व खगोलविज्ञान यांत वापरली गेलेली ‘टॅव्हर्ना’ ही कार्यप्रवाह रचण्याची प्रणाली याचे उदाहरण होय. तिच्यातील जतन केलेल्या कार्यप्रवाहांची २०१२ साली तपासणी झाली, तेव्हा तपासलेल्यांपैकी सु. ८०% पुन्हा चालेनात किंवा पूर्वीचे फलित देईनात. त्यांनी विसंबलेल्या परक्या सेवा बंद पडणे वा बदलणे, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. पुढे २०२० साली या प्रणालीचा विकासही थांबला. ज्या निष्कर्षाची वाट पुन्हा चालून पाहता येत नाही, त्याची शहानिशा करणे कठीण होते. म्हणून निष्कर्षासोबत मूळ सामग्री, आज्ञावलीची आवृत्ती व प्रत्येक पायरीची नोंद जतन करणे अगत्याचे ठरते.

दुर्बीण उभारणे मोजक्या संस्थांनाच परवडते. परंतु खुली भांडारे व प्रमाण सेवा टिकून राहिल्या, तर गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेड्यासारख्या वनप्रदेशातील विद्यार्थ्यालाही साधा संगणक व आंतरजाल एवढ्या साधनांवर तेच आकाश अभ्यासता येते. त्या बंद पडल्यास पहिली वंचना अशाच अभ्यासकांची होते.