छायेत उमटलेल्या लहरी

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून केंद्रापर्यंतचं अंतर आहे सुमारे ६३७० किलोमीटर. माणसानं पाडलेलं सर्वांत खोल छिद्र, रशियातल्या कोला द्वीपकल्पातलं, जेमतेम १२ किलोमीटर. पृथ्वी लिंबाएवढी मानली, तर आपली टाचणी सालीतच अडकली आहे! मग प्रावरण, बाह्यगाभा, अंतर्गाभा अशी वर्तुळं आपण फळ्यावर कशाच्या जोरावर काढतो?

भूकंपाच्या लहरींच्या. १२ जून १८९७ रोजी आसामात मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा कसून अभ्यास केला. अशाच नोंदींवरून पृथ्वीच्या पोटात लहरींना मंदावणारा गाभा आहे, असं त्यांनी १९०६ साली मांडलं. हा गाभा द्रवरूप असल्याचं हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९२६ साली दाखवलं.

मंद माध्यमात शिरताना प्रकाशकिरण वाकतो, तशाच प्राथमिक लहरीही गाभ्यात शिरताना आत वाकतात. त्यामुळे भूकंपस्थानापासून साधारण १०३ ते १४२ अंशांच्या पट्ट्यात (हे अंश पृथ्वीच्या केंद्राशी मोजायचे) त्या थेट पोचायला नकोत. हा छायाप्रदेश.

पण १७ जून १९२९ रोजी न्यूझीलंडमध्ये मर्चिसनजवळ भूकंप झाला, आणि छायेत असलेल्या स्वर्दलोव्स्क व इर्कुत्स्क इथल्या यंत्रांवर लहरी उमटल्या. गाभ्याच्या कडेवरून लहरी थोड्या वळून छायेत येत असाव्यात, असं स्पष्टीकरण तेव्हा दिलं जाई. कोपनहेगनच्या इंगे लेमान यांना ते पटेना. डेन्मार्क आणि ग्रीनलंडमधल्या भूकंपमापन केंद्रांची देखभाल त्या स्वतः पाहत. यंत्र कुठे दगा देतं आणि कुठे नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आमच्या मते त्यांच्या शोधात गणिताइतकाच या जाणकारीचा वाटा आहे. बागेतल्या टेबलावर ओटचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे मांडून त्या कार्डांवरच्या नोंदी लावत, अशी आठवण त्यांच्या एका नातलगांनी सांगितली आहे. संगणक नव्हतेच.

लेमान यांनी हिशेब मुद्दाम सोपा ठेवला. प्रावरणात लहरींचा वेग सेकंदाला १० किलोमीटर, गाभ्यात ८, सगळीकडे सारखाच. मग गाभ्याच्या आत, जास्त वेगाचा आणखी एक गोळा कल्पिला. त्यावर आदळून दिशा बदललेल्या लहरी नेमक्या छायाप्रदेशात पोचतात, आणि पोचण्याच्या वेळाही जुळतात! १९३६ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचं शीर्षक होतं फक्त ‘पी-डॅश’.

लेमान ज्या शाळेत शिकल्या, ती नील्स बोर यांच्या मावशी हान्ना ॲडलर यांची. मुलामुलींना तिथे सारखंच शिकवत. बाहेरचं जग तसं नाही, हे आपल्याला पुढे कळलं, असं लेमान सांगत. १९९३ साली, १०४ व्या वर्षी, त्या वारल्या.

तो आतला गोळा घन असावा, असं फ्रान्सिस बर्च यांनी १९४० साली सुचवलं. पुरावा मिळाला १९७१ मध्ये. मोठ्या भूकंपानंतर सगळी पृथ्वी घंटेसारखी कशी घुमते, ते मोजून. त्याची त्रिज्या आज सुमारे १२२० किलोमीटर मानतात.