विस्मृतींत गेलेला विजय

१९८२ सालच्या दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांचा विषय निघाला, कीं हॉकींत आपल्या पुरुषसंघाचा पाकिस्तानकडून ७-१ असा झालेला पराभव आमच्या बोरी गांवांतहि जुनी माणसें हळहळून सांगतात. परंतु त्याच स्पर्धांत महिलांच्या हॉकीचा प्रथमच समावेश झाला होता, आणि पुण्याच्या एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय महिलांनीं सुवर्णपदक जिंकलें, याचें स्मरण किती जणांस आहे? १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकांत चौथ्या आलेल्या भारतीय संघांतहि एलिझाबाई खेळल्या होत्या. सरकारनें त्यांस अर्जुन पुरस्कार व १९८३ सालीं पद्मश्री देऊन गौरविलें. घरोघरीं पराभवाची कथा सांगतों, तशी ही विजयाची कथाहि मुलींस सांगावयास हवी. जिनें अशी कर्णधार कधीं ऐकलीच नाहीं, ती मुलगी खेळावयास मैदान मागणार तरी कशी?