वर्णद्वेषाचे मूळ कोठे आहे?



गोरा माणूस काळ्या माणसाला कमी का लेखतो? विचारलं तर पुष्कळ लोक म्हणतात, तो माणसाचा स्वभावच आहे. आम्हाला हे उत्तर पटत नाही. स्वभाव म्हटला की विषय संपला. मग कुणाचा दोष नाही आणि कुणी काही करायचेही नाही. आपल्याकडे जातीबद्दलही 'पूर्वापार चालत आलंय' असंच सांगितलं जायचं. म्हणून आपण इतिहासाला विचारू. अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांताचा इतिहास या बाबतीत बोलका आहे, कारण तिथे वर्णद्वेष कसा पक्का होत गेला हे सालवार कायद्यांतच लिहिलेले सापडते.

१६१९ साली वीसएक आफ्रिकन माणसे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आणून विकली गेली. तेव्हा ती इंग्रजांची वसाहत होती आणि तंबाखूच्या शेतीला राबणारे हात हवे होते. शेतावर गोरे मजूरही राबत. इंग्लंडमधले गरीब लोक जहाजाच्या भाड्यापोटी काही वर्षे मालकाकडे बांधले जात. आपल्याकडच्या सालगड्यासारखे, पण त्याहून कडक. गोरे आणि काळे एकाच शेतात राबत, कधी एकत्र पळूनही जात. १६४० साली असे तीन नोकर पकडले गेले. दोघे गोरे होते, त्यांची मुदत चार वर्षांनी वाढवली. तिसरा जॉन पंच, काळा. त्याला जन्मभर चाकरीची शिक्षा झाली. गुन्हा एक, शिक्षा दोन! दुजाभाव होताच, पण अजून त्याचा पक्का कायदा झाला नव्हता.

तो पुढे झाला. १६६२ साली ठरले की मूल आईच्या दर्जाचे. आई गुलाम तर मूलही गुलाम, मग बाप खुद्द मालक का असेना. म्हणजे स्त्रीची कूससुद्धा मालकाची मिळकत झाली. १६६७ साली ठरले की बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला तरी गुलामाची सुटका नाही. १९५६ साली धम्मदीक्षा घेऊन मोकळा श्वास घेतलेल्या आपल्या समाजाने हा कायदा नीट ध्यानात घ्यावा. धर्म बदलून माणूस सुटेल, ही भीती मालकांना तेव्हाही होती.

१६७६ साली बेकन नावाच्या जमीनदाराने गव्हर्नरविरुद्ध बंड केले. हा बेकन काही गरिबांचा कैवारी नव्हता. तिथल्या आदिवासींच्या जमिनीवर त्याचा डोळा होता. पण त्या बंडात गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र लढले. राजधानी जेम्सटाउन जाळली गेली. शेवटी सगळे शरण येत असताना सुमारे ८० काळे आणि २० इंग्रज हत्यार खाली ठेवायला तयार नव्हते. राबणारे एक झाले तर काय होते, हे मालकांनी डोळ्यांनी पाहिले. त्याच सुमारास इंग्लंडहून येणारे नोकर कमी झाले आणि आफ्रिकेतून गुलाम जास्त आणले जाऊ लागले.

त्यानंतरचे कायदे वाचा. १६९१: गोऱ्या माणसाने काळ्याशी लग्न केले तर वसाहतीतून हद्दपार. १७०५: काळ्याने गोऱ्यावर हात उगारला तर ३० फटके. गुलामाची घोडी, गुरे, डुकरे जप्त करून विकायची आणि तो पैसा तिथल्या गोरगरिबांवर खर्च करायचा. गोऱ्या नोकराची मुदत संपली की त्याला मका, रोख पैसे आणि एक बंदूक द्यायची. गरीब गोऱ्याला श्रीमंत केले नाही, फक्त काळ्याच्या एक पायरी वर उभे केले. आणि त्या पायरीची राखण तो स्वतःच करू लागला!

समर्थन नंतर आले. १७९३ साली कापसाची सरकी काढण्याचे नवे यंत्र निघाले आणि कापसाचे पीक अफाट वाढले. १७९० साली अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, ते १८६० साली जवळजवळ ४० लाख झाले. एवढी लूट उघड्या तोंडाने कशी सांगणार? मग कुणी बायबलमधला शाप काढला. सॅम्युअल मॉर्टन नावाच्या डॉक्टरने कवट्या मोजून १८३९ साली ग्रंथ लिहिला आणि गोऱ्याचा मेंदू मोठा ठरवला. आधी लूट, मग तिचे शास्त्र. हा क्रम आपल्याला नवा नाही.

आता दुसरा प्रश्न. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, तरी द्वेष का टिकला? कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांनी १९३५ सालच्या ग्रंथात सांगितले की, गोऱ्या मजुराला पगार कमीच मिळत होता, पण गोरेपणाचा मान हा त्याला वरचा पगार वाटत होता. त्या मानासाठी तो काळ्या मजुराबरोबर उभा राहिला नाही आणि दोघांचेही पगार पडलेले राहिले.

आम्हा गिरणी कामगारांना हे समजायला पुस्तक लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार बरा होता, पण तिथे अस्पृश्याला मज्जाव होता. कांडी बदलताना धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. जात आणि वंश एक नव्हे, हेही बाबासाहेबांनीच सांगितले आहे. पण मजुराला मजुरापासून तोडण्याची युक्ती दोन्हीकडे सारखीच.

द्वेष टिकण्याचे आणखी एक कारण आहे. गुलाम सुटले ते रिकाम्या हाताने. पिढ्यान्‌पिढ्या राबून बहुतेकांच्या वाट्याला वीतभर जमीन आली नाही. १८९६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने वेगळे डबे, वेगळ्या जागा कायदेशीर ठरवल्या. शाळांतला भेद १९५४ साली बेकायदा ठरला आणि १६९१ पासूनची लग्नबंदी १९६७ साली गेली. कायदा गेला, पण घर, जमीन, शिक्षण यांतली तफावत वारशाने पुढे गेली. मग लहान मूल गरीब वस्ती बघते आणि समजते की ही माणसेच अशी! अन्यायाचा परिणाम हाच अन्यायाचा पुरावा म्हणून दाखवला जातो. २०२० साली मिनिआपोलिस शहरात पोलिसाने जॉर्ज फ्लॉईड यांची मान गुडघ्याखाली दाबून त्यांना मारले, ते याच नजरेचे फळ.

या लढ्याशी आपले नाते जुने आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली दु बॉईस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. आणि भगवंतांनी वासेट्ठ सुत्तात अडीच हजार वर्षांपूर्वी समजावले की गवत, किडे, पशुपक्षी यांच्या जाती अंगावरच्या खुणांनी वेगळ्या दिसतात, माणसांत तशी खूण नाही. आज जनुकांचे शास्त्रही म्हणते, कोणतीही दोन माणसे ९९.९ टक्के सारखी. कातडीचा रंग हा पूर्वज किती उन्हात राहिले त्याचा हिशोब, दुसरे काही नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, थोडे आपल्या घरातही बघू या. वधू-वर मेळाव्यात 'मुलगी गोरी पाहिजे' असे आपणच लिहितो ना? पोटजात हळूच विचारतो ना? २०१७ साली ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकन विद्यार्थ्यांना मारहाण केली, तेव्हा आपल्या किती वस्त्यांतून निषेध निघाला? आपल्या खाली कुणीतरी आहे हे समाधान फार स्वस्तात मिळते, पण त्याची किंमत राबणाऱ्यालाच मोजावी लागते. द्वेष माणसांनी एकेक कायदा करून बांधला. जे बांधले ते पाडता येते. सुरुवात लग्नाच्या यादीतला 'गोरी' हा शब्द खोडून करू या.

जयभीम! भवतु सब्ब मंगलं.