खानदेशच्या पेठा आणि कारागीर

पेठ वसते ती कारागिराच्या हातावर, आणि कारागीर जगतो तो पेठेंतल्या गिऱ्हाइकावर. या दोघांची ताटातूट झाली म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें असेल तर खानदेशचा इतिहास चाळावा.

फारुकी सुलतानांच्या अमदानींत खानदेशची मुख्य पेठ होती तापीकांठचें बऱ्हाणपूर. सतराव्या शतकांत तेथें आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें नमूद केलें आहे कीं, तेथील तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असे. हें शहर आज मध्य प्रदेशांत आहे; पण त्या व्यापाराचा ओघ आजच्या जळगांव जिल्ह्यांतील गांवांपर्यंत पोंचला होता. धरणगांवच्या कापडासाठीं इंग्रजांनीं १६७४ सालीं तेथें वखार घातली, आणि दुसऱ्याच वर्षीं मराठी फौजेनें ती लुटली. फौजेची वाट जेथें वळते, तेथें संपत्ति असलीच पाहिजे; आणि धरणगांवची संपत्ति होती मागावर. फैजपूर रंगाऱ्यांचें गांव, तर यावल कागद आणि निळीबद्दल प्रसिद्ध होतें. आलीच्या मुळांचा तांबडा व निळीचा निळा, या दोन रंगांवर कित्येक घरांच्या चुली पेटत.

१८१८ सालीं पेशवाई संपली व खानदेशचा कारभार कॅप्टन ब्रिग्ज याजकडे आला. त्यानें धुळें हें मुख्य ठाणें केलें, व्यापाऱ्यांस आणि कसबी लोकांस तेथें वसण्यास उत्तेजन दिलें. उजाड मुलूख पुन्हा नांदूं लागला.

पुढें रेल्वे आली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळांत, अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तिकडील कापूस बंद पडतांच लँकेशायरनें खानदेशच्या कापसाकडे धांव घेतली. शेतकऱ्याच्या हातांत पैसा खुळखुळूं लागला, आणि जळगांव कापसाची मोठी पेठ झाली. पण ज्या चढ्या भावानें शेतकरी सुखावला, त्याच भावानें विणकराचें सूत महाग केलें. युद्ध संपलें, भाव उतरले. तरी ज्या आगगाडीनें कापूस नेला तीच गिरणीचें स्वस्त कापड घेऊन परत आली. १८६८ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं मंजिष्ठेचा तांबडा रंग प्रयोगशाळेंत सिद्ध केला. त्यापुढें आलीची लागवडही हटली. पेठ वाढली, परंतु तिच्यांत कारागिराला जागा उरली नाहीं.

डिसेंबर १९३६ मध्यें याच फैजपुराजवळ टिळकनगर उभारून काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. महात्माजींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या साध्या, स्थानिक वस्तूंनीं तें नगर सजविलें. खादी व ग्रामोद्योगांचें प्रदर्शन महात्माजींनीं स्वतः उघडलें. रंगाऱ्यांच्या गांवीं हातकसबास हा मान मिळावा, ही घटना लहान नव्हे.

मात्र प्रदर्शन चार दिवसांचें असतें, आणि पोट बाराही महिन्यांचें. कारागिराची वाखाणणी करून रिकाम्या हातानें घरीं परतणारा पाहुणा त्याला जगवीत नाहीं. धरणगांवचे माग जगले ते कौतुकावर नव्हे, मागणीवर. आणि मागणी आटली तेव्हां त्यांस कोणाचें कौतुक तारूं शकलें नाहीं.