फोटो स्टुडिओपासून मोबाईलपर्यंत

मागे एका बचत गटाच्या बैठकीत मुलांच्या मोबाईलचा विषय निघाला. मी पोक्सो कायद्याबद्दल सांगत होते. मध्येच एक आजी म्हणाल्या, "कायदा आहे म्हणतेस, पण तो केला कुणी? आणि आधी का नव्हता?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज कलमं बाजूला ठेवते आणि ती कुठून आली ते सांगते.

गोष्ट सुरू होते ती मोबाईल नव्हते त्या काळात. 1991 साली गोव्यात मडगावला फ्रेडी पीट्स नावाच्या माणसाला अटक झाली. तो निराधार मुलांसाठी आश्रम चालवायचा. लोकांत मान होता. पोलिसांना त्याच्याकडे मुलांचे दोन हजारांहून जास्त फोटो सापडले, निगेटिव्हच्या पट्ट्याही सापडल्या. परदेशातून येणारे पुरुष त्या मुलांवर अत्याचार करत होते. शीला बारसे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हे प्रकरण लावून धरलं, तेव्हा कुठे 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. खटला चालला तो मात्र जुन्या, सर्वसाधारण कलमांवर. मुलांचे असे फोटो काढणं, जवळ ठेवणं, दुसऱ्याला देणं हा मुलांविरुद्धचा वेगळा गुन्हा आहे, असं सांगणारा कायदा तेव्हा देशात नव्हता.

या प्रकरणाने गोवा हादरला. तिथल्या संस्थांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि 2003 मध्ये गोव्याने स्वतःचा बालकायदा केला. त्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. रोल धुताना मुलांचे अश्लील फोटो दिसले, तर फोटो धुणाऱ्याने जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं. ते त्याच्यावर बंधनकारक केलं. म्हणजे "मी फक्त फोटो धुतले, आत काय होतं त्याच्याशी माझा संबंध नाही," असं म्हणायची वाट बंद झाली. मुलांचा असा धंदा करण्यासाठी वेबसाइट चालवणं हेही त्या कायद्याने गुन्ह्यात धरलं. आपल्यातल्या कितीजणींनी 2003 साली वेबसाइट हा शब्द ऐकला होता?

देशाचा माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा. त्यात अश्लील मजकुराबद्दल कलम होतं, पण मुलांबद्दल वेगळं काही नव्हतं. 2004 मध्ये दिल्लीतल्या शाळकरी मुलांची एक क्लिप खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर विकायला आली आणि मोठा गहजब झाला. तरी कायदा बदलायला डिसेंबर 2008 उजाडला, आणि बदल लागू झाला ऑक्टोबर 2009 मध्ये. तेव्हा 67-ब हे कलम आलं. मुलांची अशी चित्रं पसरवणं, शोधणं, उतरवून घेणं आणि इंटरनेटवरून मुलांना फूस लावणं, हे सगळं त्यात गुन्हा ठरलं. 14 नोव्हेंबर 2012 पासून पोक्सो लागू झाला. त्याच्या कलम 20 मध्ये हॉटेल, लॉज, दवाखाना, स्टुडिओ या सगळ्यांवर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. गोव्यातला तो फोटो धुणारा असा देशाच्या कायद्यात आला.

पण तोवर फोटो धुणंच संपलं होतं. 2015 मध्ये हैदराबादच्या 'प्रज्वला' संस्थेच्या सुनीता कृष्णन यांच्याकडे बलात्काराचे दोन व्हिडिओ आले. व्हॉट्सॲपवर ते बिनदिक्कत फिरत होते. त्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि सोबत ते व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये पाठवले. सर्वोच्च न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं. सीबीआयला तपास करायला सांगितलं, सरकारला आणि मोठ्या कंपन्यांना समोर बसवलं. त्यातूनच सप्टेंबर 2018 मध्ये केंद्र सरकारचं सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचं पोर्टल सुरू झालं. मुलांच्या बाबतीत तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते. या कामाला पैसा आला निर्भया निधीतून. एका पत्राने एवढं हललं, पण पत्र लिहिणारीच्या मागे कित्येक वर्षांचं काम होतं हे विसरू नका.

2019 मध्ये पोक्सो आणखी कडक झाला. खऱ्या मुलासारखं दिसणारं, संगणकावर बनवलेलं चित्रही त्यात आलं. तरी जानेवारी 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं की, असा व्हिडिओ नुसता मोबाईलमध्ये घेऊन पाहणं हा गुन्हा नाही. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 23 सप्टेंबर 2024 रोजी तो निकाल रद्द झाला. मोबाईल-इंटरनेटवरच्या कंपन्यांनाही आपल्या पोलिसांना कळवावं लागेल, नाहीतर कायद्याने दिलेलं संरक्षण मिळणार नाही, हेही न्यायालयाने बजावलं. फोटो धुणाऱ्याला 2003 मध्ये गोव्याने जे सांगितलं, तेच शेवटी कंपन्यांना ऐकावं लागलं.

त्याच निकालात 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्द वापरू नका, असं न्यायालयाने सांगितलं. सरकारी मराठीत आता 'शोषणाचं साहित्य' असं लिहितात. मला तेही खटकतं. साहित्य कसलं? तो मुलावर झालेल्या गुन्ह्याचा पुरावा आहे.

आता आपल्या गावातलं. असा व्हिडिओ ग्रुपवर आला की आपल्यातल्याच काहीजणी "बायांनो सावध राहा" म्हणून तो पुढे पाठवतात. हेतू चांगला, पण तो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, आणि त्या लेकराची बेअब्रू पुन्हा होते ती वेगळीच. पाठवू नका. पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात कळवा. मुलासाठी मदत हवी असेल तर 1098, ऑनलाइन पैशाची फसवणूक असेल तर 1930.

त्या आजींनी नंतर दुसरा प्रश्न विचारला होता: "कळवायचं कुणी शिकवायचं? शाळेत तर मास्तर दोनच." त्याचंही उत्तर शोधलं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते मागच्या वर्षी कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेआधीच्या महिला सभेत विचारता येतं. त्या बचत गटाने ते विचारायचं ठरवलंय. शाळेच्या भिंतीवर दोन्ही नंबर रंगवायचे आणि पालकांसाठी एक दिवसाचं शिबिर घ्यायचं, अशी त्यांची मागणी आहे. अर्ज लिहून झालाय, सह्या चालू आहेत.