पाटा जिथे गाडीला धरतो

जुनी अँबॅसेडर घ्यायला निघालेला माणूस आधी बॉनेट उघडतो. मी गाडीखाली शिरतो आणि मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा हातोडीने वाजवून बघतो. मागच्या कमानपाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, पुढचं टोक तिथे हँगरमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या लोखंडी कंसात, बोल्टने अडकवलेलं असतं. ठण्ण वाजलं तर गाडी घ्यावी. भद्द आवाज आला तर इंजिन कितीही गोड चालत असो, व्यवहार थांबवावा आणि आधी हँगरचं काम किती निघतंय ते बघावं.

त्या जागेवर फक्त वजन असतं असं बहुतेकांना वाटतं. पण अँबॅसेडर, फियाट, जीप, ट्रक या सगळ्यांत मागचा एक्सल गाडीला ढकलतो तो पाट्यांमधूनच. चाक फिरतं, एक्सल पुढे जाऊ बघतो, आणि तो सगळा रेटा पाट्याच्या पुढच्या डोळ्यातून हँगरवर येतो. मागच्या टोकाला शॅकल नावाचा झुलता दुवा असतो, कारण दबल्यावर पाटा लांबतो आणि त्या लांबीला जागा लागते. पुढचं टोक मात्र पक्कं. ते फाटलं की एका बाजूचा एक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालायला लागते. मालक म्हणतो, "मिस्त्री, स्टेअरिंग ओढतंय." स्टेअरिंगचा त्यात काही दोष नसतो.

आमच्या हिंगोलीत कमानपाटा मोटारीच्या आधी आला. इथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती, ती १९०३ मध्ये कंटिन्जंट मोडेपर्यंत. छावणी म्हणजे टांगे, आणि टांग्याला कमानपाटे. आमचे आजोबा बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायचे. लाल तापवलेली लोखंडी धाव लाकडी चाकावर बसवायची आणि पाणी ओतून आवळायची. पाटा तापवून त्याला कमान देणं त्याच भट्टीवर, त्याच ऐरणीवर व्हायचं. १९३२ मध्ये निजाम सरकारने रेल्वेच्या जोडीने रस्त्यावरची बस वाहतूक सुरू केली, २७ अल्बियन बसगाड्यांवर. वडिलांचे उस्ताद त्याच खात्यात काम शिकले होते. दखनी बोलायचे, आणि पोरांना पहिला धडा द्यायचे तो पाट्याला गॅसची ज्योत न दाखवण्याचा. पाण्या-तेलात विझवून पाट्याला आलेला कस ज्योतीने जातो. मग तो आज नाही तर उद्या, आणि हमखास भरल्या गाडीत तुटतो.

बसचं, ट्रकचं काम लोहाराला परकं नव्हतं. खाली जाड पोलादाची चेसी, तिच्यावर रिव्हेट मारलेला हँगर. छिन्नीने रिव्हेटचं डोकं उडवा, हँगर काढा, नवा बसवा, तापवलेला रिव्हेट ठोका. साठच्या दशकात येलदरी-सिद्धेश्वरच्या धरणकामावर ज्या जीपा फिरायच्या, त्यांचंही गणित हेच. जीपलाही खाली वेगळी चेसी होती.

अँबॅसेडरने हे गणित मोडलं. उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली ही गाडी, १९५८ च्या सुमारास रस्त्यावर आलेली. तिला वेगळी चेसी नाही. पत्र्याच्या घड्या, पेट्या आणि स्पॉट वेल्डिंग यांवरच सगळी गाडी उभी. कुर्ल्याची फियाट, पुढे जी पद्मिनी झाली, तीही तशीच. म्हणजे हँगर आता मिलिमीटरच्या हिशेबातल्या पत्र्याला जोडलेला. लोहाराच्या घणाचं तिथे काम नाही. पाटेवाला, डेंटर आणि वेल्डर असे तिघे लागतात. आमच्या धंद्याच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं वळण, असं माझं ठाम मत आहे. इंजिनं बदलली, पेट्रोलचं डिझेल झालं, त्याने इतका फरक पडला नव्हता.

हँगरचा हा पत्रा सडण्याचं कारण आमची जमीन. औंढ्याकडून किंवा कळमनुरीच्या आडवाटांनी पावसाळ्यात आलेली गाडी बघा. मागचं चाक काळी चिकण माती नेमकी हँगरच्या खाचेत फेकतं. ही माती पाणी सोडत नाही. वरून सुकलेली दिसते, आत महिनोन्‌महिने ओली असते.

सडलेला हँगर बदलण्याची वडिलांची पद्धत मी जशीच्या तशी पाळतो. बॅटरी सोडायची, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवायची. गाडीचं वजन लाकडी ठोकळ्यांवर घ्यायचं, पण ठोकळे चांगल्या पत्र्याखाली, म्हणजे एक्सल मोकळा लोंबतो आणि बॉडी वाकत नाही. मग कापायचं, चकाकता पत्रा लागेपर्यंत. इथे हात आखडला की काम वाया गेलं. सडक्या पत्र्यावर वरून पट्टी मारणारे पुष्कळ आहेत, आणि मला त्याची चीड येते. पट्टीच्या आड ओल कोंडते, गंज आतून चालूच राहतो, आणि मालक भरवशाने पोराबाळांना गाडीत बसवतो.

पुठ्ठ्यावर माप काढून नवा तुकडा घडवायचा. पाटा आणि बोल्ट जागेवर लावूनच तो बसवायचा, नाहीतर भोक जुळत नाही. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी धरायची. अँबॅसेडरला हे अंतर ९७ इंच. दोन्हीकडे सारखं आलं की मगच टाके मारायचे. नंतर इंच-इंच वेल्डिंग, एकदा इकडे, एकदा तिकडे, मध्ये थंड होऊ देत. सलग ओढलं तर पत्रा मुरडतो आणि केलेलं माप जातं. शेवटी रेड ऑक्साइड, पेटीच्या आत जुनं ऑइल, तळाला पाणी निघायला भोक. बोल्ट पक्का करायचा तो गाडी चाकांवर उतरवल्यावर. लोंबत्या एक्सलवर आवळला तर रबरी बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

वडिलांच्या काळी वेल्डिंग गॅसची. टाकीत कार्बाइडचे खडे, त्यावर पाणी, त्यातून ॲसिटिलीन. लाइटची वेल्डिंग आली तरी पातळ पत्र्याला ती भोकं पाडायची, आणि भारनियमनाच्या वर्षांत लाइटचा भरवसाच नव्हता. म्हणून कार्बाइडची टाकी आमच्याकडे बरीच टिकली.

अँबॅसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. आता ज्या गाड्या माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच आडत्यांच्या, डॉक्टरांच्या घरच्या, वडिलोपार्जित. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे काहींवर अजून परभणीचं एमएच २२ दिसतं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात राखलेली, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली, तर तिची वेगळी नोंदणी होते. नियम चांगला आहे. पण मराठवाड्यातली कुठली अँबॅसेडर हँगरला हात न लावता पन्नास वर्षं चालली असेल? हँगर पूर्वीच्याच मापाने, पूर्वीच्याच जागी बसवणं हा फेरफार नाही, गाडी मूळ रूपात राखण्याचा तोच मार्ग आहे. हे कागदावर दिसावं म्हणून मी कापण्याआधीचा, टाके मारल्यावरचा आणि रंगाआधीचा असे फोटो काढतो, दोन्ही बाजूंची मापं लिहितो, कापलेला जुना तुकडा पिशवीत घालतो, आणि हे सगळं बिलासोबत मालकाच्या हातात देतो.