हिरड्याचा काळा आणि परदेशी काळा

भोरहून पश्चिमेला निघाले की हिरडस मावळ लागते. हिरड्याच्या झाडांवरून हे नाव पडले, असे सांगतात. तिकडे वेल्ह्याच्या, म्हणजे आता राजगड हे नाव मिळालेल्या तालुक्याच्या डोंगरांतही हिरडा आहे. कोवळी फळे वेचायची, अंगणात वाळवायची नि व्यापाऱ्याला घालायची, ही इथली जुनी रीत. आपण हिरडा ओळखतो तो पोटाच्या आणि खोकल्याच्या औषधावरून. पण या फळाची मोठी गिऱ्हाइके एके काळी रंगारी आणि कातडी कमावणारे होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

सुती कापड रंग सहजासहजी धरीत नाही. हिरड्यात तुरट द्रव्य भरपूर, त्याला टॅनिन म्हणतात. हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवून मग तुरटी दिली की आलीच्या मुळ्यांचा तांबडा रंग पक्का बसतो. तुरटीऐवजी हिराकस दिला, तर कापड काळे होते. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात एक गंजका खिळा रात्रभर ठेवा. सकाळी पाणी शाईसारखे झालेले दिसेल. एका काळी तर शाईही अशीच करीत.

या धंद्यावर घाव आला तो फार लांबून. 1856 साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा पर्किन हा मुलगा क्विनीन करू पाहत होता. हाती आला जांभळा रंग. 1868 मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठाच्या जातीच्या मुळ्यांतले तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत बनवले. 1893 मध्ये फ्रान्सच्या विदालने गंधकापासून काळा रंग काढला. 1897 मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि बिहारातल्या निळीच्या शेतीपासून आपल्याकडच्या निराळी लोकांच्या रांजणांपर्यंत सगळ्यांची गणिते चुकली. गंमत अशी, की कृत्रिम तांबड्यालाही कापड आधी हिरड्यात बुडवावे लागे, म्हणून हिरडा त्या लढाईत लगेच मेला नाही. हिरड्यावाचून बसणारे रंग आले, तेव्हा त्याचे काम गेले.

आता इथे थोडे थांबा. हा माल स्वस्त का होता? त्यांनी तो खरोखरच स्वस्तात बनवला म्हणून. त्यात लबाडी नव्हती, आणि तिच्यावर तक्रार चालत नाही. स्वस्ताईचा दुसरा प्रकार मात्र निराळा. समजा, एक कारखानदार आपल्या देशात किलोला शंभर रुपये घेतो आणि तोच माल आपल्याकडे ऐंशीला टाकतो. आपला कारखाना बसला, की मग भाव तोच ठरवणार. याला डंपिंग म्हणतात.

पहिल्या महायुद्धाच्या आधी जगातले बहुतेक कृत्रिम रंग जर्मनीत होत, आणि जर्मन मालाविरुद्ध अशी ओरड इंग्लंड-अमेरिकेत होती. डंपिंगविरुद्धचा पहिला कायदा कॅनडाने 1904 मध्ये केला. अमेरिकेने 1916 आणि 1921 मध्ये कायदे केले. ब्रिटनने तर 1920 मध्ये परवान्याशिवाय परदेशी रंग आणण्यालाच बंदी घातली. ज्याने आपल्याला खुल्या व्यापाराचे धडे दिले, त्याचीच ही गोष्ट, बरे का!

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे रंगांचे कारखाने उभे राहिले, त्यांना लागणारी विद्याही. रंगरसायनशास्त्राचे मोठे पंडित डॉ. वेंकटरामन 1957 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. भोरच्या माणसाला पुणे काही लांब नाही. डंपिंगविरोधी चौकशी मात्र देशात सुरू झाली ती 1992 नंतर. 1975 च्या सीमाशुल्क दरपत्रक कायद्यात तिची तरतूद आहे, आणि आजचे नियम 1995 चे.

चौकशी म्हणजे हिशेबाचे काम. देशी कारखानदार अर्ज करतात. त्यांच्या बाजूला देशातल्या उत्पादनाचा निदान चौथा हिस्सा लागतो. मग तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: माल परदेशच्या घरच्या भावापेक्षा खाली विकला गेला, देशी धंद्याला इजा झाली, आणि ती इजा त्याच मालामुळे झाली. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. कारखाना स्वतःच्या गलथानपणाने बुडाला असेल, तर परदेशी मालाला दोष कसा द्यावा? सिद्ध झाले, तर जादा कर बसतो, साधारण पाच वर्षे. भावातला फरक दोन टक्क्यांहून कमी निघाला, तर प्रकरण मिटते.

सुती कापडाचा स्वस्त काळा रंग म्हणजे सल्फर ब्लॅक, त्या विदालच्या काळ्याचा वंशज. चीनहून येणाऱ्या या रंगाबाबत आपल्याकडे अशी चौकशी या शतकात झाली आहे. पण आपण नेहमी फिर्यादीच असतो असे समजू नका. 1992 मध्ये अमेरिकेने भारताच्या गंधकी रंगांची चौकशी सुरू केली, आणि 2004 मध्ये एका जांभळ्या रंगद्रव्यावर चीनबरोबर भारतालाही जादा कर लावला.

आणि कर बसला की पैसे कोण देतो? इचलकरंजीचा किंवा सोलापूरचा कापड रंगवणारा. नियमांप्रमाणे त्यालाही आपले म्हणणे मांडता येते. पण चार कढया चालवणाऱ्या माणसाने दिल्लीला कागद धाडायचे, ते कोणाच्या भरवशावर? कारखानदाराजवळ वकील असतो, रंगाऱ्याजवळ नसतो. मला ही चौकशी हवीशी वाटते, पण तिची ही बाजू लंगडी आहे.

हिरडा वेचणाऱ्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. त्यांना हा अर्ज करता आलाच नसता. अर्ज करणाराही तोच किंवा तसाच माल बनवणारा असावा लागतो. रंग दोन्हींचा काळा, पण कायद्याच्या हिशेबी हिरडा हे डोंगरातले फळ आणि सल्फर ब्लॅक ही कारखान्याची पूड.